लाल छातीचा माशीमार ओळखायचा असेल तर आधी लाल छाती विसरा

दोन हिवाळे मी ह्या पक्ष्याला चिरकाची मादी म्हणून वहीत लिहीत होतो. ती वही अजून आहे, बायको म्हणते रद्दीत टाक, मी टाकत नाही, एवढी ठळक चूक परत करायला जमायची नाही. माझा हिशोब सरळ होता, चिमणीपेक्षा बारकं, मातकट, सारखी शेपटी वर उडवणारं काय दिसलं की चिरक. मग एकदा सकाळी इथं कोल्हापुरात विद्यापीठात फिरताना तेच बारकं माझ्या डोक्यावरनं पलीकडच्या करंजावर गेलं आणि जाताना शेपटीच्या दोन्ही बाजूला पांढरं असं चमकलं, एकदम, कुणी रुमाल झटकल्यागत. चिरकाच्या शेपटीत पांढरं कुठनं आलं? घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की हा लाल छातीचा माशीमार, इंग्रजीत रेड ब्रेस्टेड फ्लायकॅचर, पार युरोप-रशियाकडनं येणारा पाहुणा, आणि आम्ही त्याला दोन वर्षं गल्लीतला माणूस समजून बसलोय.

आता हे लिहायचं कारण असं की दसरा झाला की माझ्या मोबाईलवर फोटो यायला लागतात. एक मातकट ठिपका, निम्मा फांदीच्या मागं, आणि खाली "दादा ही कुठली चिमणी?" त्यातले निम्मे तरी ह्याच पठ्ठ्याचे असतात. (उरलेले शिंपी पक्ष्याचे. शिंपी वर्षभर दारात असतोय तरी लोकांना ओळखू येत नाही, पण तो विषय परत कधीतरी.) दरवेळी तेच तेच टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकतो.

तर पहिली गोष्ट. नावात लाल छाती आहे म्हणून लाल छाती हुडकत बसू नका. मादीला ती नसतेच. नराला पण पहिल्या हिवाळ्यात नसते, म्हणजे ह्या वर्षी जून-जुलैत अंड्यातनं बाहेर पडलेलं पोरगं ऑक्टोबरात आपल्याकडं आलं की ते हुबेहूब आईसारखं दिसतंय, वरनं तपकिरी आणि खालनं मळकट पांढरं. गळ्यावर रंग चढायचा तो पुढच्या वर्षापासनं, आणि चांगला भरायला अजून वेळ जातो. म्हणजे गणित करा, सगळ्या माद्या वजा, सगळी नवी पोरं वजा, राहिलं काय, तर जुने नर तेवढे. त्यात तो रंग लाल पण नाही, नारंगी आहे, मिरचीचा नव्हे तर पिकलेल्या पपईचा, आणि तोही गळा आणि छातीच्या वरच्या भागापुरता. शास्त्रीय नाव फिसेड्युला पार्वा, पार्वा म्हणजे लॅटिनमधे लहान. १७९२ साली बेखश्टाइन नावाच्या जर्मन माणसानं हे नाव दिलं आणि मला वाटतं त्यानंच खरं डोकं चालवलं, कारण लहान तर ते सगळेच असतात.

किती लहान म्हणाल तर चोचीपासनं शेपटीपर्यंत ११-१२ सेंटीमीटर. आपली चिमणी १५ च्या पुढं जाते. वजन ९-१० ग्रॅमच्या आसपास, दहा रुपयाचं नाणं पावणेआठ ग्रॅमचं असतंय, त्याच्यापेक्षा जरा जास्त. ते नाणं तळहातावर घेऊन बघा एकदा आणि मग विचार करा की एवढंसं वजन हजारो किलोमीटर उडून आपल्या अंगणातल्या पेरूवर येऊन बसलंय.

आता ओळखायचं कसं. कोल्हापुरी माणसाला एका शब्दात सांगायचं तर तांबडा-पांढरा. तांबडा गळ्यात, पांढरा शेपटीत. तांबडा मिळेल न मिळेल, पांढरा मात्र ताटात हमखास. नर असो मादी असो पिल्लू असो, शेपटी सगळ्यांची एकच.

शेपटी कशी आहे ते नीट समजून घ्या कारण सगळा खेळ तिथं आहे. मधली पिसं काळपट, टोकाला पण आडवी काळी पट्टी, आणि बाहेरच्या पिसांचा मुळाकडचा भाग पांढराशुभ्र. पक्षी उडाला आणि शेपटी पसरली की काळ्या रंगाचा उलटा टी दिसतो आणि त्याच्या दोन बगलेत दोन पांढरे तुकडे. बसलेला असताना शेपटी मिटलेली असते, तेव्हा वरनं बघितलं तर पांढरं जेमतेम कडेला दिसतं किंवा दिसतच नाही, आणि इथंच नवीन माणूस फसतोय, "पांढरं नाही म्हणजे हा तो नाही" म्हणून दुर्बीण खाली घालतोय. थांबायचं. हा पक्षी शेपटी गप ठेवतच नाही. झटका देऊन वर करतो, मग हळू खाली आणतो, परत झटका, आणि त्याच वेळी दोन्ही पंख जरा खाली सोडतो, शर्टाच्या बाह्या लोंबत्या ठेवलेल्या पोरासारखं. ह्या झटक्यात पांढरं एकदा तरी दिसणारच. झाडाच्या खाली उभं राहून वर बघत असाल तर अजून सोपं, खालनं शेपटीचा निम्म्यापेक्षा जास्त भाग पांढरा आणि टोक काळं.

बाकीचं अंग म्हणजे वरनं मातकट तपकिरी, पोट पांढरट, छातीवर दुधात जरा चहा पडल्यागत पिवळसर झाक. डोळा काळाभोर आणि चेहऱ्याच्या मानानं मोठा, त्याच्याभोवती बारीक फिकट कडी. त्या डोळ्यामुळं तोंडावर कायम "मी काय केलं?" असा भाव असतोय. जुन्या नराचं डोकं आणि गालाचा भाग राखाडी होतो आणि मधे तो पपईचा गळा, असा एखादा उन्हात आला तर मग बघायलाच नको, लई देखणा दिसतोय. पाय काळे. चोच बारीक, गडद, पण खालच्या चोचीचं बूड फिकट मांसल रंगाचं, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू आणि मोठी मादी ह्यात फरक करायचा असेल तर पंखावर बघा, पिल्लाच्या पंखावर पिसांच्या टोकाला फिकट बदामी ठिपके असतात आणि त्यांची एक तुटक रेघ दिसते. चांगला फोटो असेल तरच ह्या भानगडीत पडा, नुसत्या डोळ्यानं पडू नका.

कधी येतो कधी जातो हे कोल्हापूरकरांनी पाठ करायची सोपी युक्ती आहे. अंबाबाईच्या नवरात्राच्या मागंपुढं येतो आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसात जातो. म्हणजे साधारण सप्टेंबर अखेर-ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल. गुऱ्हाळं पेटली की समजा हे सगळे आपापल्या झाडावर सेटल झाले. आणि जून-जुलैत कुणी मला ह्याचा फोटो म्हणून काय पाठवलं तर मी उघडून बघायच्या आधीच सांगतो की दुसरं काहीतरी असणार.

कुठं बघायचा? जंगलातच जायला पाहिजे असं अजिबात नाही, उलट मी तर म्हणतो शहरातच शिका. ह्याला जुनी सावलीची झाडं लागतात, खाली थोडा पालापाचोळा, आणि फार गजबज नको. आंबा, चिंच, वड, करंज, बांबूचं बेट असलं काय. विद्यापीठाचा परिसर ह्यासाठी नंबर एक. टाऊन हॉलची बाग, महावीर गार्डन, रंकाळ्याच्या कडेची जुनी झाडं, गावाकडं ओढ्याकाठची आमराई, पन्हाळ्यावर तर पायवाटेनं चालता चालता भेटतोय. उसाच्या फडात नाही मिळणार आणि उघड्या माळावर पण नाही. माळावर कुंपणाच्या तारेवर बसून शेपटी हलवणारा बारका पक्षी दिसला तर तो गप्पीदास असायची शक्यता जास्त.

वेळ सकाळी सूर्य वर यायच्या आधी-नंतरचा तास, आणि परत संध्याकाळी. संध्याकाळी तर दिवेलागण होऊन बाकीचे पक्षी गप झाले तरी ह्याचं चालूच असतंय.

काय चालू असतंय, तर आवाज. आणि खरं सांगायचं तर दहातले आठ वेळा मला हा आधी ऐकू येतो, मग दिसतो. लहानपणी सायकल उतारावर सोडून पायडल मारायचं बंद केलं की मागच्या चाकातनं फ्रीव्हीलचा ट्रर्रर्र असा कोरडा आवाज यायचा बघा, तोच, फक्त तुकड्या तुकड्यात. ट्रर्रर्र. मग गप. मग परत ट्रर्रर्र, आणि प्रत्येक तुकड्याला शेपटीचा झटका, जणू शेपटीलाच आवाज जोडलाय. मधे मधे टेक टेक असा सुटा आवाज पण काढतो. खारीच्या आवाजाशी घोटाळा होतोय नवीन लोकांचा, पण खार एकदा सुरू झाली की चिक चिक चिक करून पाच मिनिटं डोकं उठवते, एका लयीत, हा तसं करत नाही, हा दम खातो. एकदा कान बसला ना की मग ट्रॅफिकमधे सिग्नलला थांबलो असताना पण कुठल्यातरी कंपाऊंडमधनं ट्रर्रर्र आलेला कळतो. माझी भाची मागं बसलेली असते, ती म्हणते "मामा सिग्नल सुटला, मी उतरून चालत जाऊ काय?"

आवाज आला की काय करायचं, तर पळायचं नाही. जिथं आहे तिथं थांबा, आणि नजर झाडाच्या शेंड्याला नको, मधल्या आणि खालच्या फांद्यांना लावा, जिथं सावली आहे आणि फांदी जरा उघडी आहे तिथं. पानांकडं बघू नका, हालचालीकडं बघा. हा एका जागी दोन मिनिटं बसतो, मग झेप मारून हवेत एखादं चिलट टिपतो, कधी पानाच्या खाली क्षणभर पंख फडफडवत तरंगतो आणि आळी उचलतो, कधी सरळ जमिनीवर उतरून मुंगी-किडा घेऊन परत वर. परत त्याच फांदीवर येईल असं काय नाही, बहुतेक जागा बदलतो. मधून बारकी फळं पण खातो, नुसत्या माशांवर जगतो असं नाही, माशीमार हे नाव आपलं सोयीसाठी.

आणि हिवाळ्यात हा एकटा राहतो. जोडी नाही, थवा नाही. एक झाड किंवा दोन-चार झाडांचा एक कोपरा, तो त्याचा, दुसरा आला की ट्रर्रर्र करून हाकलतो, आपल्याकडं बांधावरनं भांडतात तसं. (नाही म्हणायला एवढं की ह्याची केस कोर्टात जात नाही.) पण ह्या स्वभावाचा आपल्याला फायदा काय, तर एकदा कोपरा सापडला की चार-पाच महिने तोच पक्षी तिथंच भेटतोय. म्हणून नवीन माणसाला माझा सल्ला हाच असतो की दहा ठिकाणं फिरू नका, एक कोपरा धरा, रोज दहा मिनिटं द्या. माझा विद्यापीठातला आंबा ठरलेला आहे, दरवर्षी त्याच्यावर एक येतोय, आणि नोव्हेंबरात दुरून बघितला तरी मला कळतं कारण बसायच्या फांद्यासुद्धा ठरलेल्या.

आता गोंधळ कुणाकुणाशी होतो ते बघू.

चिरक, माझी जुनी चूक. चिरक जास्त जमिनीवर, दगडावर, पत्र्यावर, उघड्यावर असतो, शेपटी बरीच उंच ताठ करतो आणि शेपटीच्या खाली बुडाला तांबूस-विटकरी असतंय. पांढरं शेपटीत नाही. थिरथिऱ्याची मादी पण हिवाळी पाहुणी आणि मातकटच, पण तिची शेपटी विटकरी आणि ती झटका देत नाही, थरथरवते, नावच सांगतंय. शिंपी हिरवट, डोक्यावर गंजाच्या रंगाची टोपी, चोच लांब. टिकेलचा निळा माशीमार हा इथलाच रहिवासी आहे, त्याच्या पण छातीवर नारंगी असतं म्हणून लोक उड्या मारतात की लाल छातीचा सापडला, पण अरे पाठ बघ की, ती निळी आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ करतो तो तपकिरी माशीमार, इंग्रजीत एशियन ब्राऊन. तो पण हिवाळ्यात येतो, तो पण मातकट, त्याचे पण डोळे मोठे आणि कडी अजून ठळक, चोचीचं बूड पण फिकट. पण तो जरा मोठा, १३ सेंटीमीटर, ताठ बसतो, पंख लांब वाटतात, शेपटीत पांढरं अजिबात नाही आणि शेपटी असली नाचवत नाही. आणि त्याची सवय वेगळी, तो झेप मारून किडा धरून बहुतेक परत त्याच फांदीवर येतो, पोस्टमन ऑफिसात परत आल्यागत. एकाच काटकीवर तीनदा परत आलेला दिसला की समजायचं तपकिरी.

राधानगरी-दाजीपूरला किंवा आंबा घाटात गेलात तर माशीमारांची आख्खी भावकीच भेटते, मोरपंखी निळा व्हर्डिटर, पिवळं पोट आणि राखाडी डोक्याचा ग्रे हेडेड कॅनरी फ्लायकॅचर, शिवाय स्वर्गीय नर्तक. १९५८ साली गव्यांसाठी म्हणून दाजीपूरचं अभयारण्य झालं, अजूनही लोक गवा बघायला म्हणूनच जातात, गवा नाही दिसला की तोंड पाडून परत येतात आणि डोक्यावर हे सगळं नाचत असतंय.

आता जरा वरच्या वर्गाचं. टायगा फ्लायकॅचर. हा ह्याचा सख्खा भाऊ, इतका सख्खा की जुन्या पुस्तकांत दोघांना एकच धरलंय, त्यामुळं वडिलांच्या वेळचं पुस्तक वापरत असाल तर त्यात हा वेगळा सापडणार नाही. आपला लाल छातीचा हा पूर्व युरोपापासनं उरलच्या पलीकडं पश्चिम सायबेरियापर्यंत वीण करतो, आणि टायगा त्याच्या पूर्वेला, सायबेरियातनं पार कामचाटकापर्यंत. हिवाळ्यात टायगा मुख्यतः भारताचा पूर्व भाग आणि तिथनं पुढं आग्नेय आशियात जातो. आपल्याकडं पश्चिम महाराष्ट्रात जो भेटतो तो बहुतेक वेळा लाल छातीचाच. पण चुकून एखादा टायगा येऊ शकतोय, आणि पक्षी ओळखायचं ॲप तर काय दोन्ही नावं दाखवतं, मग लोक दुर्मिळ नावावर बोट ठेवतात. ठेवू नका. हे तीन मुद्दे तपासा.

चोच आधी. लाल छातीच्या खालच्या चोचीचं बूड फिकट, मघाशी सांगितलं ते, टायगाची चोच जवळजवळ सगळी काळी. फोटो जरा खालनं काढला तर हे दिसतं. दुसरं, शेपटी पाठीला जिथं चिकटते तिथली वरची झाकणारी पिसं. टायगात ती कोळशासारखी काळी, शेपटीपेक्षाही काळी, लाल छातीत तपकिरी-काळपट, शेपटीपेक्षा गडद नाहीत. हे बघायला पाठमोरा फोटो पाहिजे, पंख खाली सोडलेले असतानाचा. तिसरं, छातीचा रंग, आपल्या पक्ष्याची छाती उबदार पिवळसर, टायगाची थंड राखाडी आणि गळा पांढरा. ह्या तिसऱ्या मुद्द्यावर एकट्यावर जाऊ नका कारण सावलीत कॅमेरा कुठलाही रंग दाखवतो, माझ्या मोबाईलनं एकदा बुलबुल निळा दाखवलाय.

नराचं वेगळं. टायगाच्या नराचा नारंगी तुकडा गळ्यापुरताच आणि त्याला चारी बाजूनं राखाडी चौकट, छातीवर उतरत नाही. शिवाय टायगाचा नर वीण संपली की पिसं बदलताना हा रंग घालवतो आणि हिवाळा संपत आला की परत आणतो. आपला लाल छातीचा जुना नर वर्षभर रंग ठेवतो. त्यामुळं नोव्हेंबर-डिसेंबरात नारंगी गळ्याचा दिसला तर डोळे झाकून नाही पण निम्मे झाकून लाल छातीचा म्हणायला हरकत नाही. आवाजात पण फरक आहे, टायगाचा ट्रर्रर्र जास्त जलद, फ्रीव्हील नवीन असल्यागत, पण हे ओळखायला दोन्ही भरपूर ऐकलेले पाहिजेत.

काश्मीर फ्लायकॅचर म्हणून तिसरा भाऊ आहे, काश्मीरकडं वीण करतो आणि हिवाळ्यात श्रीलंका आणि निलगिरीकडं जातो, त्याच्या नारंगीला काळी किनार असते आणि रंग पार कुशीपर्यंत. तो संकटात असलेल्या जातीत मोडतो. तो कोल्हापुरात दिसेल म्हणून फिरू नका, पण किनार दिसली तर फोटो काढल्याशिवाय हलू नका.

बरं, एवढ्या लांबनं हा इथंच का येतो? तिकडं थंडीत किडेच राहत नाहीत, हे उघड आहे. पण गंमत अशी की युरोपातले बाकीचे माशीमार, म्हणजे तिथला ठिपकेवाला किंवा काळा-पांढरा, हे सगळे हिवाळ्यात आफ्रिकेत जातात. हा एकटा वाट वाकडी करून आग्नेयेला, आपल्याकडं येतो. अभ्यासक लोकांचं म्हणणं असं की ही जात मूळची पूर्वेकडची, हळूहळू पश्चिमेला युरोपात पसरत गेली पण हिवाळ्याची जुनी वाट काय सोडली नाही. म्हणजे पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतला तरी यात्रेला गावीच येणारे लोक असतात तसं. प्रवास रात्रीचा करतात, एकट्यानं, आणि दिवसा खाऊन पिऊन परत रात्री पुढं.

पोलंडमधे ब्यावोव्येझा नावाचं फार जुनं जंगल आहे, तिथं झाडाच्या ढोलीत-खोबणीत हा घरटं करतो. पोलंड म्हटलं की कोल्हापूरकराला वळिवडं आठवायला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासनं पाचेक हजार पोलिश लोक, जास्त करून बायका आणि पोरं, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात येऊन राहिली, युद्ध संपल्यावर १९४७-४८ पर्यंत परत गेली किंवा पुढं गेली. त्यांची आठवण म्हणून महावीर गार्डनमधे स्मारक आहे, आणि तिकडं वॉर्सा शहरात कोल्हापूरचं स्मारक आहे. मी एकदा डिसेंबरात महावीर गार्डनमधे त्या स्मारकाजवळच्या बाकड्यावर शेंगा खात बसलो होतो आणि वरच्या झाडातनं ट्रर्रर्र आला. शेंगा तशाच राहिल्या हातात. कॅम्पातली पोरं पण हा आवाज दोन्हीकडं ऐकून गेली असतील, तिकडं जंगलात उन्हाळ्यात आणि इकडं वळिवड्यात थंडीत, असं काहीतरी डोक्यात येऊन गेलं.

सामानाचं थोडक्यात. दुर्बीण ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, १० ची हावरटपणानं घेऊ नका, हात हलतो आणि सावलीतल्या बारक्या पक्ष्याला हुडकेपर्यंत तो गेलेला असतो. पैसे नसतील तर दुर्बिणीशिवाय पण शेपटीचं पांढरं आणि आवाज ह्या दोन गोष्टींवर काम भागतं, मी पहिलं वर्षभर तसंच केलं. मर्लिन ॲप आवाज ओळखायला चांगलं आहे पण ते फक्त सुचवतंय, निकाल देत नाही. बघितलेलं ई-बर्ड ह्या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाईटवर टाकत जा, तारीख आणि जागेसकट. सुरुवात करायला पक्षी सप्ताह बेस्ट, ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासनं पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, तोपर्यंत हे सगळे येऊन आपापल्या कोपऱ्यात बसलेले असतात आणि थंडी पण अजून अंगावर येणारी नसते.

एक गोष्ट मात्र करू नका, मोबाईलवर त्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावणं. त्याला वाटतं दुसरा कोणतरी आपल्या कोपऱ्यात घुसला, तो खायचं सोडून भांडायला येतो, तुमचा फोटो होतो पण त्याची सकाळ वाया. मी पण सुरुवातीला केलंय हे, दोनदा, आणि दुसऱ्यांदा तो स्पीकरच्या इतक्या जवळ येऊन थरथरत बसला की मलाच कसंतरी झालं. आणि बागेतला पाला जाळू नका, झाडाखाली थोडा राहू द्या, त्याचा नाश्ता तिथंच असतोय.

मार्च संपत आला की वहीत रोजची नोंद ठेवायला लागा. जायच्या आधी नराचा गळा एकदम खुललेला असतो, शिवाय झाडांची पानं पडलेली असतात, त्यामुळं फोटोसाठी हेच दिवस चांगले. मग एका सकाळी आवाज येत नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. सलग चार दिवस नाही आला की शेवटचा ऐकलेला दिवस गाठून त्याच्याखाली रेघ मारायची, माझ्या वहीत अशा रेघा एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत पडलेल्या आहेत, जोतिबाला सासनकाठ्या निघायच्या आसपास.

आणि मला फोटो पाठवायचाच असेल तर शेपटीचा पाठवा, एक पाठमोरा आणि एक खालनं चोचीचा, महिना आणि जागा लिहा, आवाज रेकॉर्ड झाला असेल तर तो आधी पाठवा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा मोबाईलनं काढलेला फोटो पाठवू नका, त्याच्यात मला तुमचा अंगठाच जास्त दिसतोय.